निळ्या घोड्यावर भंडारा

आमच्या राघूभाऊचे हात तुम्हाला कधी ओले दिसायचे नाहीत. चहा पिला की पुसणार, खडू ठेवला की पुसणार, कुणी हात मिळवला तर त्याची पाठ फिरताच पँटीला पुसणार. लातूरच्या ज्या क्लासमध्ये तो केमिस्ट्री शिकवतो तिथली पोरं म्हणतात, सर जरा सटकेल आहेत. मी म्हणते, जरा? अरे बाबांनो, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ह्या माणसाला ओळखते, पूर्ण कामातून गेलेला आहे तो! पण हे मी म्हणायचं. दुसरं कुणी वाकडं बोललं तर माझ्या हातात कात्री असते, एवढं ध्यानात ठेवा.

मी शकिला. क्लासच्या त्याच गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. ही गल्ली तुम्ही बघितली नसेल तर काय सांगू! खांबाखांबावर पहिल्या नंबरात आलेल्या पोरांचे फोटो, वर होस्टेल, खाली मेस, आणि मधून पाठांतर पुटपुटत चाललेली लेकरं. त्यांच्या उशांचे अभ्रे मी शिवते, गाद्यांच्या खोळी शिवते. श्रावण जवळ आला की पोथ्यांवर गुंडाळायचे लाल कापडी बस्ते शिवते, रमजानच्या आधी जुजदान शिवते. जुजदान म्हणजे आमच्यात कुराणशरीफला घालतात ती खोळ. आणि थंडी पडली की राघूभाऊच्या कॉमिक्सला खोळी शिवते. हसू नका. हा माणूस दरवर्षी कॉमिक्स घेऊन हैदराबादच्या जत्रेला जातो. देवाची जत्रा नव्हे, कॉमिक्सचीच. तिथं देशभरातले असलेच सटकेल जमतात.

त्याच्या कॉमिक्सचं नाव ‘निळा घोडेस्वार’. तुम्ही ऐकलं नसणार, आता कुणीच ऐकलेलं नाही. आम्ही उदगीरला होतो तेव्हा स्टेशनवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर यायचं ते. राघूभाऊ आणि माझा मोठा भाऊ जावेद, दोघं एका बाकावरचे. दोघांत मिळून एक पुस्तक घ्यायचं आणि पाळीपाळीनं आधी वाचायचं, असा त्यांचा कायदा. मग संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकापाशी बसून जावेद मोठ्यानं वाचायचा आणि मी त्यांच्या मागं मागं जाऊन बसायची. एक घोडेस्वार असतो, त्याचा घोडा संध्याकाळच्या आभाळाच्या रंगाचा. एका गावाची वाट सगळ्या जगाच्या ध्यानातून गेलेली असते आणि हा ती वाट हुडकत हिंडत असतो. त्या गावातली घंटा त्याला झोपेत ऐकू येते. जावेद वाचायला लागला की मलाही ऐकू यायची, खरं सांगते. खंदकात अंधार साचत यायचा, वटवाघळं निघायची, आणि मला वाटायचं की बुरुजामागून आता तो येतोय. मी राहून राहून विचारायची, “पुढं काय?” आणि दोघं एकदम म्हणायचे, “गप ऐक!”

अकराव्या पुस्तकाच्या मागं छापलं होतं, पुढच्या भागात शेवट. मग काय, दोघांच्या रोज स्टेशनवर खेपा. पुस्तक आलं ते नेमकं गणपतीत, आणि वाचायची पाळी जावेदची. त्याला औशाकडं फुफीच्या, म्हणजे आमच्या आत्याच्या गावी विसर्जन बघायला जायचं होतं. राघूभाऊच्या घरचाच गणपती, त्याला कोण सोडतंय? जावेद पुस्तक शर्टात घालून निघाला. “विसर्जन झालं की येतो, मग तू वाच,” म्हणाला. मी मागं लागले तर माझ्या डोक्यावर टपली मारून गेला.

विसर्जन झालं, आणि त्याच पहाटे जमीन हलली. आमच्या उदगीरात भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली, बस. फुफीच्या गावात दगडमातीची घरं होती. ती माणसांवर बसली. जावेद त्याच घरात होता.

मला काही दिवसांनी अब्बांबरोबर तिथं नेलं होतं. मला त्यातलं एकच आठवतं. शेतात निळ्या ताडपत्र्या टाकलेल्या, जिकडं बघावं तिकडं निळं, वाऱ्यानं फुगून राहिलेलं. मला वाटलं, घोडाच इथं येऊन आडवा झालाय आणि श्वास घेऊन राहिलाय. मी अब्बांना तसं म्हणलं तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. अजूनही ताप आला की मला ते निळं दिसतं.

राघूभाऊ तेव्हापासून असा. शिकला, नोकरीला लागला, क्लासची दुनिया वाढली तसा लातूरला आला, त्याच्या मागनं लग्न होऊन मी आले. पण ती अकरा पुस्तकं त्यानं जिवापाड जपली. शिकवता शिकवता मधेच थांबतो म्हणे, फळ्यावर अर्धी रेघ तशीच, आणि खिडकीतून बघत राहतो. पोरं खाकरली की भानावर येतो. फारूक, माझा नवरा, म्हणतो, तुझा भाऊ घोड्यावरून उतरलाच न्हाई कधी.

आणि त्याचं जपणं म्हणजे काय विचारता! प्रत्येक पुस्तकाला खोळ वेगळी, सुती, खळ काढलेली. कापड रंगीत असलं तर आधी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग जातो का बघायचं. आत कडुलिंबाचा वाळका पाला, कसर लागू नये म्हणून. मग सगळी पुस्तकं आडवी, एकावर एक, पत्र्याच्या पेटीत. उभी ठेवली तर पाठ वाकते म्हणे. पेटी गाडीत मांडीवर घ्यायची, फळीवर न्हाई, बाकाखाली तर न्हाईच. रुखवताची परात नेणारी बाईसुद्धा एवढी सांभाळून चालत नाही. जत्रेत जाऊन हा करायचा काय? बारावा भाग हुडकायचा. मिळाला नाही की परत यायचा, हात पुसायचा आणि मला म्हणायचा, “पुढच्या साली बघू, शकू.”

एका साली त्याला फोन आला. हैदराबादच्या मालविका म्हणून एक बाई, आपल्याच मराठी, त्याही गोळा करतात. त्यांच्याकडं बारावा होता. पण त्यांच्याकडं पहिला नव्हता. तुम्ही पहिला द्या, मी बारावा देते. असल्या जत्रेत अशी अदलाबदल चालते. राघूभाऊ हो म्हणून बसला!

मला हे त्यानं दुकानात येऊन सांगितलं तेव्हा मशीन चालू होती. मी पाय काढला. पहिल्या भागात, मलपृष्ठाच्या आतल्या अंगाला, जावेदच्या हातचं पेन्सिलनं लिहिलेलं आहे: हे पुस्तक जावेद व राघू यांचे आहे. दुसऱ्या कोणी हात लावू नये. शकूने तर मुळीच नाही.

माझ्या भावाच्या हातचं एवढंच उरलंय जगात. आणि त्यात माझं नाव आहे.

“हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलास व्हय रे?” मी म्हणलं. “शेवट वाचून काय दिवे लावणार हायस? चित्रातलं घोडं ते!”

“त्यानं वाचलाय शकू,” तो म्हणाला. “मी न्हाई वाचला.”

“मग?”

“मग काय. मला वाचायचाय.”

असं म्हणून हात पुसत बसला. मला इतका राग आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पण पुस्तकं दोघांची होती, माझी नव्हती. तसं लिहूनच ठेवलंय ना! मग मी म्हणलं, “यंदा मी पण येते. पुस्तकांना नव्या खोळी घालून देते, आणि त्या बाईच्या हातात ते पुस्तक जाताना मी डोळ्यानं बघते.” फारूक म्हणाला, जा, न्हाईतर वर्षभर मला खाशील.

पांढरं कापड संपलेलं होतं, श्रावणातलं लाल उरलं होतं. त्याच्याच खोळी शिवल्या, वर नाडी. लाल तर लाल. त्यावेळी माझ्या ध्यानात काही आलं नाही.

सकाळच्या गाडीनं निघालो. बाहेर तुरीची शेतं धुक्यात बुडालेली, झाडांचे नुसते शेंडे वर तरंगून राहिले होते. गाडी पण झोपेत चालल्यासारखी. खिडकीशी बसून मी म्हणलं, “भाऊ, एकदा काढ की. बघू दे शेवटचं.” त्यानं पेटीतून पहिला भाग काढून माझ्या मांडीवर ठेवला, नाडी सोडली आणि म्हणाला, “थांब, पान मी उलटतो, हात धुऊन येतो.” गेला.

तेवढ्यात उदगीर आलं आणि एक म्हातारी समोर येऊन बसली. कपाळभर भंडारा, पिशवी पिवळीधमक. माळेगावची यात्रा करून परत भालकीला लेकीकडं निघालेली, नाव साखराबाई, हे सगळं तिनं बूड टेकायच्या आतच सांगून टाकलं. मी डोक्यावर पदर घेऊन बसलेली, मांडीवर लाल कापडात पुस्तक. तिनं वाकून बघितलं.

“कोणता अध्याय चालू हाय माय?”

मी जावेदच्या विचारात. काही कळलंच नाही मला. तिनं कापडाची कड बाजूला केली. आत कव्हरवर निळा घोडा दोन पायांवर उभा, वर फेटा बांधलेला स्वार, हातात तलवार.

“अगं माझ्या मायी! मल्हारी हाय की!” म्हातारीचे डोळे भरूनच आले. “यळकोट यळकोट, जय मल्हार!” आणि पिशवीत हात घालून मूठभर भंडारा उधळला. मी “मावशी थांबा थांबा” म्हणते, पण म्हणजे वरातीमागून घोडं! तिनं घोड्याच्या कपाळावर बोटानं दाबून हळद लावली, कव्हरवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटून तशीच राहिली.

या अल्ला! माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्या म्हातारीचं तोंड बघितलं आणि शिव्या गिळल्या. देव भेटलेल्या माणसाला काय म्हणणार तुम्ही?

राघूभाऊ आला. हात स्वच्छ धुतलेले, पुसलेले. त्यानं पिवळा घोडा बघितला आणि होता तिथंच उभा राहिला. साखराबाईनं त्याच्याही कपाळाला भंडारा लावला. “कुठं निघालाव लेकरा, पोथी घेऊन?”

तो वाकला. तिच्या पाया पडला आणि म्हणाला, “हैदराबादला मावशी. शेवटचा अध्याय राहिलाय.”

“वाच बाबा, वाच. अध्याय अर्धवट ठेवू न्हाई.”

भालकीला ती उतरून गेली. मी फुंकर मारली, पदराचं टोक धरलं, पण राघूभाऊनं हात धरला. “घासू नको. हळद हाय.” मला काय सांगतो! हळदीला साबण लावला तर ती लाल होते आणि उन्हात ठेवली तर जाते, पण ऊन हळदीबरोबर घोड्याचा निळाही खाऊन टाकणार. बसा बोंबलत. शिवाय जत्रेतल्या लोकांना पुस्तकावर बोटाचा ठसासुद्धा चालत नाही, हे मला एवढ्या वर्षांत पाठ झालं होतं. म्हणजे आता ती बाई काही पहिला भाग घ्यायची नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी राघूभाऊचं तोंड बघवेना. दोन्ही एकदम. तो बिचारा खिडकीबाहेर बघत होता आणि कपाळावरची हळद त्यानं पुसली नव्हती.

जत्रेच्या दारावर पहारेकरी सगळ्यांच्या पिशव्या उचकटून बघत होता. आमची पेटी उघडली, तर आत लाल कापडं आणि भंडारा. गडी तेलंगणाचा, त्यांच्याकडं खंडोबाला मल्लन्ना म्हणतात. त्यानं पायातल्या चपला सोडल्या, हात जोडले, “मल्लन्ना?” म्हणाला, आणि आम्हाला रांगेच्या पुढं नेऊन आत सोडलं. मला हसू आवरेना. राघूभाऊसुद्धा हसला, त्या दिवसात पहिल्यांदा.

आत काय ते! मांडवच मांडव, पोरं मुखवटे घालून हिंडतायत, एकाला पुठ्ठ्याचे पंख, एकीच्या हातात तिच्याहून उंच तलवार. पंखवाल्यानं वळताना पेटीला धक्का दिला तर राघूभाऊ असा फिरला की मला वाटलं आता मारामारीच होते. मालविकाताईंचं टेबल कडेला होतं. बाई शांत, पांढरे हातमोजे घातलेल्या. त्यांच्याकडं प्रत्येक पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, मागं पुठ्ठा, तोंडाला चिकटपट्टी. बारावा भागही तसाच. मी तो पहिल्यांदा बघितला. कव्हरवर घोडेस्वार पाठमोरा होता.

राघूभाऊनं नाडी सोडली. काही लपवलं नाही. मालविकाताईंनी वाकून कव्हर बघितलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, “सर, वाईट वाटतं हो. पण असा नाही घेता येणार मला.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला. खोळ परत घालायला लागला. नाडीची गाठ त्याला बसेना, मीच बांधली. आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, ज्या अदलाबदलीवर मी महिनाभर शिव्या घालत होते तिच्यासाठीच मी बोलले. “ताई, देऊ नका. पण वाचू द्या की त्याला. इथंच, तुमच्या डोळ्यांपुढं. माझ्या भावानं हे पुस्तक शर्टात घालून नेलं होतं आणि भूकंपात तो गेला. ह्याची पाळी राहिलीय.”

त्यांनी आमच्याकडं बघितलं. चिकटपट्टी काढली, पुस्तक बाहेर घेतलं, स्वतःची खुर्ची दिली. राघूभाऊनं हात पुसले. पुसले, परत पुसले. मग पुस्तक माझ्यापुढं सरकवलं.

“तू वाच. मोठ्यानं. तो वाचायचा तसं.”

आयुष्यात पहिल्यांदा घोडेस्वाराच्या पानांना माझा हात लागला. मी वाचायला लागले. आजूबाजूचा कालवा कुठं गेला कळलं नाही, मला खंदकातला गारवा लागत होता. घोडेस्वाराला वाट सापडते. तो नदी ओलांडतो, धुक्यातून जातो, घंटा जवळ येत जाते. शेवटच्या पानावर ते गाव. मोठं दार, बंद. तो घोड्यावरून उतरतो, दार वाजवायला हात उचलतो. आणि खाली ठळक अक्षरात: दार कोण उघडणार? वाचा पुढच्या भागात!

मी पान उलटलं. मागं कंपासपेटीची जाहिरात होती.

“बाराव्यात शेवट म्हणले होते की! मग तेरावा कुठं हाय?” मी विचारलं.

मालविकाताई चमकल्याच. “निघालाच नाही तो. प्रकाशन बंद पडलं. अहो, तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे.”

मी घाबरून राघूभाऊकडं बघितलं. एवढी वर्षं, एवढ्या खेपा, आणि पदरात काय, तर कंपासपेटी! म्हणलं आता हा कोसळतोय. तर तो रडत होता आणि त्याचं तोंड मात्र उजळलं होतं, तसं तोंड मी त्याचं खंदकापाशी बघितलं होतं, नंतर कधीच नाही.

“म्हणजे जावेदलाबी न्हाई कळलं,” तो म्हणाला. “शकू, मला वाटायचं तो शेवट वाचून गेला. मला मागं ठेवून पुढं गेला. न्हाई ग! तोबी तिथंच थांबलाय. दारापाशीच.”

 मी त्याचं डोकं पोटाशी धरलं, भर जत्रेत, मुखवट्यांच्या गर्दीत. त्यानं ओल्या हातानंच पहिला भाग उचलून छातीशी धरला, आणि हात पुसायचं त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत ऊन कलतं होतं. करडईच्या शेतांवरून सावल्या लांब पडल्या होत्या आणि आभाळ त्या घोड्याच्या रंगाचं व्हायला लागलं होतं. पेटी मांडीवर घेऊन राघूभाऊ बसला होता. बिदर मागं पडलं तसा तो माझ्याकडं वळला.

“शकू,” म्हणाला, “पुढं काय?”

मी पदर सावरला, नीट मांडी घालून बसले.

“गप ऐक,” मी म्हणलं. “दार आतून जावेदनं उघडलं.”